बर्नलीचा ज्युलियन मॉर्टलेक

प्रवेशपरीक्षेच्या कागदावर परीक्षकांनी शेरा मारला होता, 'मुलगा गुणी आहे, तोंड उघडेपर्यंत.' नट व्हायला निघालेल्या माणसाची इतकी मोकळी शिफारस क्वचितच कुणी केली असेल. पण लंडनच्या त्या नाट्यशाळेनं शेऱ्यासकट विल्फ्रेड शॉरॉक्सला पदरात घेतलं, आणि एकोणीसशे चोपन्नच्या सप्टेंबरात, वयाच्या अठराव्या वर्षी, विल्फ उत्तर इंग्लंडातल्या बर्नलीच्या स्टेशनावर मामाची बॅग घेऊन उभा राहिला.

पोचवायला आई आली होती. मार्था शॉरॉक्स गिरणीत सहा माग सांभाळायची. नवरा लढाईत उत्तर आफ्रिकेत कामी आला, तेव्हापासून घर आणि माग दोन्ही एकटीच्या अंगावर. मागांच्या खडखडाटात कानाला तोंड लावलं तरी काही ऐकू यायचं नाही, म्हणून गिरणीतल्या बायका ओठांनी बोलायच्या आणि डोळ्यांनी ऐकायच्या. ती सवय घरीही सुटत नसे. मार्था साधं "चहा घे" म्हणाली तरी तोंड असं फाकवायची, की समोरच्या डोंगरावरच्या माणसानंही कप पुढे करावा.

"तितं काय शिकवत्यात म्हनं?" तिनं विचारलं.

"अभिनय, आई."

"म्हंजी आपन न्हाई तसं वागायचं?"

"तसंच काहीसं."

"त्येला लंडनला कशापायी जायाचं? तुजा मामा रोज सांजच्याला दारात हुबा ऱ्हाऊन न प्याल्याचा अभिनय करतोय. त्येला कुनी शिकवलाय?"

गाडी आली. मार्थानं त्याच्या हातात पाव-लोण्याची पुडी दिली, आणि काचेपलीकडून ओठांनी काहीतरी सांगत राहिली. ते विल्फला कळलं, शेजारच्या प्रवाशाला कळलं नाही. 'तोंड धूत जा' असं ते होतं.

नाट्यशाळेत त्याच्या वाट्याला ट्रस्कॉट बाई आल्या. सडपातळ, सरळ पाठीच्या, आणि इंग्लंडच्या उत्तरेत माणसं राहतात ही बातमी नुकतीच कानावर आल्यासारख्या चेहऱ्याच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विल्फच्या दातांत बाटलीचं बूच दिलं आणि कविता म्हणायला लावली. गवत, आंघोळ आणि हसणं, इंग्रजीतले हे तीन शब्द उच्चारताना उत्तरेतला माणूस तोंड अर्धं उघडतो आणि दक्षिणेतला पूर्ण. देशातली बरीचशी उच्चनीचता या अर्ध्या तोंडावर तोललेली आहे. विल्फनं या तीन शब्दांवर दोन सत्रं घालवली. 'गवत' आधी सुधारलं. 'आंघोळ' नाताळच्या सुमारास आली. 'हसणं' मात्र शेवटपर्यंत जड गेलं, आणि ट्रस्कॉट बाईंच्या वर्गात त्याचं कुणाला आश्चर्य वाटलं नाही.

मग नावाचा प्रश्न आला. नाट्यशाळेचे प्रमुख म्हणाले, "शॉरॉक्स नाव नाटकाच्या पाटीवर लागलं, तर लोक तुंबलेल्या नळाची तक्रार घेऊन येतील." विल्फ विचार करत रस्त्यावर आला. समोरून बस गेली. तिच्या कपाळावर 'मॉर्टलेक' असं लिहिलं होतं. आडनाव असं आलं. ज्युलियन कुठून आलं ते त्यानं जन्मभर कुणाला सांगितलं नाही. माणसाला एखादी लाज स्वतःपुरती राखून ठेवावीशी वाटते.

दुसऱ्या वर्षीच्या नाताळात ज्युलियन मॉर्टलेक घरी गेला. स्वयंपाकघरात आई आणि शेजारची क्लारा हॉवर्थ चहा घेत होत्या. क्लारा मार्थाच्या शेजारच्या मागावर. विल्फ तिला जन्मापासून मावशी म्हणायचा. तो बसला, रुमाल मांडीवर पसरला आणि म्हणाला, "आई, जरा लोणी इकडे सरकवशील का?"

त्या घरात असं वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. मार्था क्लाराकडे वळली.

"क्लारा, इमेवाला आलाय बग. अन आमच्या विल्फ्याचा कोट घालून आलाय."

"लई गुनाचा दिसतोय," क्लारा म्हणाली. "हप्ता भरलाईस न्हवं?"

"आई, थट्टा पुरे," विल्फ म्हणाला.

"थट्टा न्हाई, सायेब. तुमी बसा. आमचं पोरगं लंडनला गेलंय, त्ये आलं की मग जेवू."

तो हसला. हसणं एव्हाना आलं होतं, आणि तेही पूर्ण तोंडाचं. मार्थानं लोणी सरकवलं, पण दिवसभर त्याला 'सायेब'च म्हणत राहिली, आणि त्याला ते आवडत नाही हे कळल्यावर आणखी दोन दिवस म्हणाली.

शिकून बाहेर पडल्यावर त्याला दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावात काम मिळालं. समुद्राकाठचं थिएटर, दर सोमवारी नवं नाटक. सोमवारी नवं असलं तरी नाटक तेच असायचं: श्रीमंताची बैठकीची खोली, मागे बागेत उघडणारं काचेचं दार, आणि त्या दारातून टेनिसची रॅकेट घेऊन आत येणारा गोरटा तरुण. हा तरुण ज्युलियन. त्यानं जन्मात टेनिस खेळलं नव्हतं. बर्नलीत जिथं जिथं सपाट जागा होती तिथं कपडे वाळत घातलेले असायचे. तरीही दोन वर्षांत तो त्या दारातून शंभरेक वेळा आत आला आणि "अरे वा, सगळे इथेच आहात का" असं म्हणाला. समीक्षेत 'मॉर्टलेक यांचा प्रवेश सुबक' असं छापून आलं. प्रवेशानंतरच्या दोन तासांबद्दल समीक्षकानं मौन पाळलं होतं.

गिरण्यांच्या सुट्टीच्या आठवड्यात सगळी बर्नली जवळच्या ब्लॅकपूलच्या समुद्रावर जायची. त्या वर्षी मार्था आणि क्लारा उलट्या दिशेला, विल्फचं नाटक बघायला आल्या. दुपारचा खेळ. दोघी सगळ्यात मागच्या रांगेत, टोप्या घालून, मांडीवर पिशव्या. खेळानंतर विल्फनं त्यांना थिएटरच्या चहाच्या खोलीत नेलं. तिथं नाटकाची नायिका मोनिका डेव्हनिश, खेड्यातून आलेल्या माणसांशी बोलताना चेहऱ्यावर आणायचा तो गोडवा घेऊन, टेबलापाशी आली.

"तुम्ही ज्युलियनच्या आई ना? मागच्या रांगेत सगळं ऐकू आलं का हो?"

"ऐकू कमी आलं, बाई," मार्था म्हणाली. "दिसलं समदं."

"वा. काय आवडलं?"

"समदंच. फकस्त येक इचारायचं व्हतं. तुमी त्येच्या गळ्यात पडून 'लाडक्या' म्हनला, त्ये ठीक. पन त्येच्या आदी, मान तिकडं करून, 'सरक की ओंडक्या, माझ्या उजेडात हुबा हाईस' म्हनला. त्ये नाटकातच हाय का?"

मोनिकाचा कप बशीवर वाजला.

"अन त्यो कर्नल झालाय त्यो म्हातारा," क्लारानं भर घातली, "मोलकरनीनं चा दिला तवा तिला काय म्हनला गं, मार्था?"

"त्ये हितं सांगन्याजोगं न्हाई."

मोनिका डेव्हनिश कुणाला तरी भेटायचं असल्याची आठवण होऊन निघून गेली. पुढचे चार आठवडे तिनं रंगमंचावर आपल्या वाक्यांखेरीज ओठ हलवले नाहीत. तिच्या कारकिर्दीतला तो सर्वांत संयत काळ, असं स्थानिक वर्तमानपत्रानं लिहिलं. विल्फला मात्र त्या मोसमाअखेर नारळ मिळाला.

तो लंडनला परतला तेव्हा अठ्ठावन्न साल होतं, आणि त्याच्या पाठीमागे नाटकांनी कूस बदलली होती. बैठकीची खोली गेली, काचेचं दार गेलं, रॅकेट तर कुणी हातात धरेना. आता प्रत्येक नाटकात एक स्वयंपाकघर, त्यात वाळत घातलेले मोजे, आणि उत्तरेकडचा एक संतापलेला तरुण. प्रेक्षक तेच, पूर्वीचेच. त्यांना आता गरिबांकडून शिव्या खायची गोडी लागली होती.

विल्फचा एजंट मॉरिस पिंकस यानं त्याला ह्यूगो लँब नावाच्या दिग्दर्शकाकडे पाठवलं. नाटकाचा नायक म्हणजे कापडगिरणीच्या गावातल्या विणकरणीचा मुलगा. विल्फला वाटलं, देवानं इतकं सरळ दान आजवर कुणाच्या झोळीत टाकलं नसेल. त्यानं उतारा वाचला. लँब सहानुभूतीनं ऐकत होता.

"छान वाचता तुम्ही. फार स्वच्छ," लँब म्हणाला. "पण मला खरा माणूस हवाय. मातीतला."

"मी बर्नलीचाच आहे. माझी आई विणकरीण आहे."

"हो, हल्ली सगळेच तसं सांगतात," लँब म्हणाला. "काल एक सरदारपुत्र येऊन गेला. त्याचाही बाप खाणकामगार निघाला."

"मी खरंच सांगतोय. थांबा, तसं बोलून दाखवतो."

विल्फनं तोंड उघडलं. ट्रस्कॉट बाईंनी काम चोख केलं होतं. जुना उच्चार शोधायला गेलेली जीभ वाटेत कुठेतरी अडखळली आणि जे बाहेर आलं ते ना बर्नलीचं होतं ना लंडनचं. पोटात कळ आलेला पाद्री बोलावा तसं काहीतरी ते होतं. लँबनं हलकेच त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"प्रयत्न चांगला आहे," तो म्हणाला. "पण अशी माणसं असं बोलत नाहीत हो."

तेलही गेलं, तूपही गेलं, अशी ती गत. भूमिका लंडनलगतच्या सरेमधल्या एका बँकवाल्याच्या मुलाला मिळाली आणि तो तिच्यावर नावारूपाला आला. त्याला बोलणं शिकवलं होतं टोबी अ‍ॅशकॉम यानं. टोबी न्यायाधीशाचा मुलगा. त्यानं रॉचडेलच्या एका दारूच्या गुत्त्यात सहा आठवडे टेपरेकॉर्डर घेऊन मुक्काम केला होता आणि आता तो उत्तरेच्या बोलीचा लंडनमधला अधिकारी पुरुष मानला जाई. मॉरिसनं विल्फला त्याच्याकडेच शिकायला धाडलं.

टोबी मनापासून शिकवायचा. "नाही, ज्युलियन," तो डोळे मिटून म्हणायचा, "तुमच्या 'आंघोळी'त अजून कोळशाची धूळ नाही. आणि 'हसताना' दुःख असू द्या. ती माणसं दुःखानं हसतात."

"माझी आई तशी हसत नाही," विल्फ एकदा म्हणाला.

"मग तुमची आई त्या प्रांतातली नमुनेदार स्त्री नसेल," टोबी म्हणाला आणि त्यानं वहीत तशी नोंद केली.

दोन महिन्यांनी विल्फनं गाशा गुंडाळला आणि बर्नली गाठली. शनिवारची दुपार. आईच्या टेबलावर व्हिनेगर घातलेली थंड वजडी आणि कांदा. क्लारामावशी होतीच. विल्फनं जरा घुटमळत सांगितलं, की त्याला पुन्हा इथल्यासारखं बोलायला शिकायचं आहे, आणि ते आईनं शिकवावं.

मार्थानं काटा खाली ठेवला.

"म्या शिकवू? तुला? बोलायला?"

"हो."

"ती टरस्काट बाई तुजी जीब कातरत व्हती, तवा मला इचारलं व्हतंस का?"

"नव्हतं विचारलं."

"मंग आता त्या बाईलाच म्हन, कातरलेलं त्येवडं परत दे."

पण पोराचं तोंड बघून ती नरमली. खुर्ची ओढून समोर बसली आणि म्हणाली, "बरं. मी म्हनते तसं म्हन. 'भाईर गारठा लई हाय, दार लाव.'"

"भाईर गारठा लई हाय, दार लाव," विल्फ म्हणाला.

क्लारा इतकी हसली की तिच्या कपातला चहा वजडीवर सांडला. विल्फनं पुन्हा म्हटलं. ती आणखी हसली. तिसऱ्यांदा मात्र कुणी हसलं नाही. मार्था त्याच्याकडे नुसती पाहत राहिली.

"आसं वाटतंय रं," ती सावकाश म्हणाली, "की तू आमची नक्कल करतुयास."

विल्फ उठला आणि मागच्या अंगणात गेला. तिथं कोळशाची खोली, वाळत घातलेल्या चादरी आणि भिंतीवर क्लाराचं मांजर. रंगमंचावर डोळ्यांत पाणी आणायला त्याला दोन सत्रं शिकवलं होतं. इथं ते न शिकवताच आलं आणि अगदी वाईट दिसलं. नाक वाहू लागलं. काही वेळानं मार्था बाहेर आली आणि त्याच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिली.

"आत चल. क्लाराला म्या गप केलीया."

"आई, मला कुठलंच नीट येत नाही."

"मंग बोलू नगंस. गप ऱ्हा. तू गप असलास की पार माज्यावानी दिसतुस."

तो गप्प राहिला. मग मांजर उतरून गेलं आणि दोघं आत आले.

त्यानंतरची पंचवीस वर्षं ज्युलियन मॉर्टलेकनं जे मिळालं ते केलं, आणि बरंच मिळालं. त्या काळच्या चित्रपटांत जर्मन लष्करी अधिकारी अतिशय शुद्ध इंग्रजी बोलत, त्यामुळे त्याला जर्मन सैन्यात झपाट्यानं बढती मिळाली. तो अकरा वेळा पकडला गेला आणि सात वेळा गोळी लागून मेला. मधल्या काळात त्यानं बटलरची कामं केली, वाईट बातमी देणारे डॉक्टर केले, मृत्युपत्र वाचणारे वकील केले. एका चित्रपटात तो भूत होता, आणि 'मॉर्टलेक यांचं असणं जाणवत नाही' हे समीक्षकाचं वाक्य त्यानं कौतुक म्हणून कातरून ठेवलं. उत्तरेतल्या एका गल्लीवरची लोकप्रिय दूरदर्शन मालिका निघाली तेव्हा त्यालाही बोलावणं आलं. लंडनहून येऊन गल्ली पाडण्याची नोटीस चिकटवणारा अधिकारी. तीन मिनिटं. क्लारामावशीनं त्या प्रसंगाला घरात बसून शिव्या दिल्या आणि नंतर फोन करून तसं कळवलंही.

त्यानं लग्न केलं नाही. एकदा जमत आलं होतं. पण त्या मुलीला एके दिवशी असं वाटलं की हा माणूस सकाळच्या न्याहारीलाही काचेच्या दारातून आत आल्यासारखाच येतो. तिचं निरीक्षण चुकीचं नव्हतं.

त्र्याऐंशी साली बर्नलीतली एक गिरणी बंद पडत होती. बंद पडणाऱ्या गोष्टींवर दूरदर्शनवाल्यांचं पहिल्यापासून प्रेम. माग विकले जाण्याआधी तिथंच एक चित्रपट करायचं ठरलं. दिग्दर्शक सायमन हा लंडनचा, तिशीचा, आणि कामगारांबद्दलच्या आदरापोटी कामगारांचे बूट घालून फिरणारा. बूट कोरे करकरीत होते. गिरणीच्या मालकाची भूमिका ज्युलियन मॉर्टलेककडे आली, कारण मालक शुद्ध बोलतो. गर्दीसाठी गावातल्या निवृत्त विणकरणी बोलावल्या होत्या. त्यांत एकोणसत्तर वर्षांची मार्था शॉरॉक्स आणि तिच्या बाजूला क्लारा हॉवर्थ, पूर्वीच्याच मागांवर. ज्युलियन हा मार्थाचा मुलगा हे सायमनला कुणी सांगितलं नाही. विल्फनं सांगितलं नाही, कारण तो कचरला. मार्थानं सांगितलं नाही, कारण तिला कुणी विचारलं नाही.

चित्रपटातला मोठा प्रसंग असा: मालक मागांमधून चालत येतो, एक म्हातारी विणकरीण त्याला अडवते आणि विचारते, 'आता आम्ही कुठं जायचं, साहेब?' या वाक्यासाठी लंडनहून एक नटी आणली होती, टोबी अ‍ॅशकॉमच्या हाताखाली तयार झालेली. सायमनला खरा आवाज हवा होता, म्हणून सगळे माग सुरू करायला लावले. माग सुरू झाले आणि नटीला आपण काय बोलतोय तेही कळेना. तिनं पाच वेळा प्रयत्न केला, मग कानांवर हात ठेवून बाहेर जाऊन बसली आणि पुन्हा आत आली नाही. सायमननं आजूबाजूला पाहिलं. सहाव्या मागावर एक ठेंगणी बाई तुटलेला धागा जोडत होती.

माग थांबवून त्यानं तिला वाक्य वाचून दाखवलं.

"आसं कोन म्हनतं?" मार्थानं विचारलं.

"म्हणजे? इथल्या बायका नाही म्हणत?"

"कुटं जायाचं ते मालकाला कोन इचारंल? त्येला काय ठावं? घरला जायाचं."

"मग तुम्ही काय म्हणाल?"

"त्ये आदी कसं सांगू? त्यो म्होरं आला की सुचंल."

सायमनला हे फारच मातीतलं वाटलं. त्यानं कॅमेरा सुरू केला.

विल्फ महागड्या कोटात मागांमधून चालत आला. धोटे इकडून तिकडे धावत होते, जमीन थरथरत होती. आईच्या मागापाशी तो थांबला. मार्थानं त्याच्याकडे पाहिलं, हात पुढे केला आणि आपला माग बंद केला. तिचा बघून क्लारानं केला, आणि मग रांगेतल्या एकेकीनं. हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. सगळ्या शेडमध्ये शांतता पसरली, तशी त्या जागेनं फक्त सुट्टीच्या दिवशी पाहिली होती. मार्थानं त्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"आईनं तुला ह्येच शिकवलं का रं?" ती म्हणाली.

विल्फचं पुढचं वाक्य होतं, 'बाजारभाव माझ्या हातात नाहीत, बाई.' ते त्याला पाठ होतं. ते आलं नाही. तो उभा राहिला, तोंड उघडलं, मिटलं, आणि कानाच्या पाळ्या लाल होईपर्यंत तसाच उभा राहिला. मग वळला आणि आला तसा परत गेला. सायमन 'थांबा' म्हणायचंच विसरला.

नंतर बाहेर, भिंतीला टेकून दोघं चहा पीत होती. विल्फनं विचारलं, "ते मला म्हणालीस की मालकाला?"

"ज्यो म्होरं हुबा व्हता त्येला म्हनले," मार्था म्हणाली. "लागलं का?"

"लागलं."

"मंग बरं झालं. तुजं काम आज पयल्यांदा बरं दिसलं."

चित्रपट लागला आणि देशभरच्या वर्तमानपत्रांनी मार्था शॉरॉक्सचा शोध लावला. 'एक वाक्य, आणि अख्खं युग' असा एक मथळा होता. 'असा चेहरा शिकवून येत नाही,' असं एका टीकाकारानं लिहिलं. तो स्वतः नाट्यशाळेत शिकवायचा. मालकाच्या भूमिकेबद्दल, 'मॉर्टलेक योग्य तेवढे निर्विकार' एवढं आलं.

मग मार्थाची जी घोडदौड सुरू झाली तिला तोड नव्हती. आज्या, विधवा, दारातून डोकावणाऱ्या शेजारणी. नऊ वर्षांत ती पडद्यावर सहा वेळा वारली आणि प्रत्येक वेळी लोक रडले. नटांच्या संघटनेनं तिला नाव विचारलं, तर तिनं आपलंच सांगितलं, आणि त्यावर कुणीही नळदुरुस्तीची आठवण काढली नाही. मॉरिस पिंकसनं विल्फला फोन केला. विल्फनं उचलला, तेव्हा तो म्हणाला, "ज्युलियन, तू कसा आहेस ते राहू दे. तुझ्या आईला एजंट आहे का?"

तिला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून विल्फ तिला चित्रीकरणाला नेऊ लागला. फाटकावरचा माणूस यादी बघायचा आणि विचारायचा, "शॉरॉक्सबाई. बरोबर. आणि तुम्ही त्यांचे चालक का?" पहिल्यांदा त्यानं खुलासा केला. दुसऱ्यांदा नुसतं 'हो' म्हटलं. चालकांना न्याहारी आधी मिळते हे त्याच्या लक्षात आलं होतं.

एकदा यॉर्कशरच्या माळावरून परतताना मार्थानं विचारलं, "राग येतो का रं तुला माजा?"

त्यानं पुढचा ट्रक ओलांडला. मग म्हणाला, "येतो. मी तीस वर्षं घासतोय, आई. तू एकदा माग बंद केलास."

"चाळीस वर्सं म्या त्यो चालू ठिवला व्हता, त्ये इसरलास."

त्यानं गिअर बदलला.

"अन ऐक," ती म्हणाली, "त्या लोकास्नी माजं काम आवडत न्हाई. माजं बोलनं आवडतं. येका दिशी फॅशन बदलंल, अन मला म्हनतील, म्हातारे, जरा नीट बोल. तवा मी घरला जाईन. तुजं तसं न्हाई. तुला परत्येक बारीला कायतरी करावं लागतं. त्ये तू करतुस. सगळंच काय वंगाळ करत न्हाईस."

आईच्या तोंडून एवढी स्तुती त्यानं पूर्वी ऐकली नव्हती. त्यानं गाडी बाजूला घेतली, काच पुसण्याचा बहाणा केला, आणि मग पुढे निघाला.

मार्थाची फॅशन काही बदलली नाही. त्याआधी मार्थाच गेली, ब्याण्णवच्या वसंतात, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, झोपेत; पडद्यावर इतका सराव झाल्यावर तिनं त्यात काही नाट्य ठेवलं नाही. लंडनच्या एका मोठ्या वर्तमानपत्रानं अर्धं पान दिलं. शेवटची ओळ अशी होती: 'त्यांच्या पश्चात एक मुलगा असून तोही याच व्यवसायात असल्याचं समजतं.' विल्फनं ती ओळ क्लारामावशीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "समजतं म्हनं. म्हंजी खात्री न्हाई त्यास्नी." आणि दोघं आईच्या स्वयंपाकघरात बसून पोट धरून हसली. ते हसणं कुठल्या उच्चाराचं होतं याकडे त्या दिवशी कुणाचं लक्ष नव्हतं.

आईचं घर आवरायला म्हणून तो बर्नलीत राहिला आणि आवरणं लांबतच गेलं. शरद ऋतूत गावातल्या थिएटरचा व्यवस्थापक दारात आला. नाताळात मुलांसाठी जे गाण्या-गमतींचं नाटक होतं, त्यातल्या, प्रेक्षकांनी हुर्यो उडवायची रीत असलेल्या दुष्ट सरदाराच्या कामाला माणूस मिळत नव्हता.

"दुष्ट माणूस लंडनसारखा बोलायला हवा," व्यवस्थापक अवघडून म्हणाला. "मुलांना पटकन कळतं. तुम्ही मोठे नट, तुम्हाला कसं विचारावं..."

"मी मोकळाच आहे," विल्फ म्हणाला.

पहिल्या दिवशी दुपारी तो काळा झगा घालून पुढे आला आणि ट्रस्कॉट बाईंना अभिमान वाटेल अशा वाणीत त्यानं गावकऱ्यांना हुसकावून लावण्याची घोषणा केली. आठशे मुलं उभी राहिली आणि त्यांनी त्याची अशी काही हुर्यो उडवली की झुंबर हललं. कुणी संत्र्याची सालं फेकली. मुलांच्या आयाही ओरडत होत्या, आणि पहिल्या रांगेत, नातीला मांडीवर घेऊन, क्लारा हॉवर्थ तर टोपी काढून ओरडत होती. विल्फनं झग्याचं टोक खांद्यावर टाकलं, त्यांच्याकडे तुच्छतेनं पाहिलं, आणि ते आणखी ओरडतील इतका वेळ मुद्दाम थांबला. आपल्या गावानं आपल्याकडे एवढं लक्ष दिल्याचा त्याचा तो पहिलाच अनुभव.

खेळानंतर क्लारामावशी रंगपटात आली. ती खुर्चीवर बसली, दम खाल्ला आणि त्याच्या रंगवलेल्या भुवयांकडे पाहत राहिली.

"लई वंगाळ मानूस वाटलास," ती म्हणाली. "माज्या नातीनं तर रडायचंच घेतलं."

"बरं वाटलं ऐकून, मावशी."

"उद्या धाकटीला आनते. ती बी रडंल."

विल्फनं तिला चहा ओतून दिला आणि भुवया पुसायला बसला. सरदार चार आठवड्यांसाठी ठरला होता. लोकांच्या आग्रहास्तव तो सहा आठवडे चालला.